फुरसुंगीच्या विहिरी: कचरा डेपोखालच्या माती-पाण्याचं प्रकरण

फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही हवेली तालुक्यातली गावं दुष्काळी पट्ट्यातली नाहीत. हडपसर ओलांडून सासवड रस्त्याला लागलं की मंतरवाडीच्या आसपास त्यांची शिवारं सुरू होतात. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा याच भागातून पुढे दौंड-इंदापूरकडे जातो. उत्तरेला मुळा-मुठा वाहते. जुन्या बांधीव विहिरी भरपूर. तरीही या गावांना वर्षानुवर्षं पिण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली. विहिरी आटल्या नव्हत्या, त्यांतलं पाणी तोंडात घेण्यासारखं राहिलं नव्हतं.

दोन्ही गावांच्या मध्ये पुणे महापालिकेचा कचरा डेपो आहे. सुरुवातीला 43 एकर, नंतर वाढत जाऊन एकूण 163 एकर. तीन दशकांहून अधिक काळ पुण्याचा कचरा इथे आला. त्यातला मोठा भाग तळाशी कोणतंही अस्तर नसताना, ओला-सुका वेगळा न करता, थेट जमिनीवर ओतला गेला.

आकाराने हा डेपो लहान नाही, हे मान्य. तरी महाराष्ट्रातल्या प्रत्येक नगरपरिषदेने हे प्रकरण बारकाईने पाहावं असं मला वाटतं, कारण खडक तोच आहे. पुण्याच्या 163 एकराखाली जो दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक आहे, तोच एखाद्या तालुक्याच्या गावाबाहेरच्या पाच एकरांच्या उकिरड्याखाली आहे. पाच एकरांचा डेपो वर्तमानपत्रात येत नाही, त्याच्यासाठी कुणी रस्ता अडवत नाही, आणि त्याच्या शेजारच्या विहिरीचं पाणी बहुधा कुणी तपासलेलंही नसतं. फुरसुंगीत निदान लोक बोलले.

थोडक्यात घटनाक्रम

लोकांनी अनेकदा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. 2010 मध्ये, 2014-15 मध्ये, आणि सगळ्यात तीव्र 2017 मध्ये. त्या वर्षी एप्रिलमध्ये डेपोला मोठी आग लागली, धूर गावांवर पसरला आणि गावकऱ्यांनी सुमारे तीन आठवडे गाड्या येऊ दिल्या नाहीत. शहरात रस्तोरस्ती ढीग साचले, वर्तमानपत्रांत ‘कचराकोंडी’चे मथळे आले आणि अखेर मुख्यमंत्र्यांच्या पातळीवर बैठका होऊन तोडगा निघाला. प्रत्येक तोडग्यात उघड्यावर कचरा टाकणं थांबवण्याचं आश्वासन होतं, पाण्याचं आश्वासन होतं, ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या वारसांना नोकऱ्या देण्याचा मुद्दा होता. गावांसाठीची नळपाणी योजना मात्र वर्षानुवर्षं रेंगाळत राहिली.

ऑक्टोबर 2017 मध्ये ही दोन्ही गावं महापालिकेत आली. पुढे राज्य सरकारने ती पुन्हा वगळली आणि 2024 मध्ये फुरसुंगी-उरुळी देवाची अशी स्वतंत्र नगरपरिषद झाली. दरम्यान डेपोच्या काही भागावर मातीचं आच्छादन घालण्यात आलं आणि जुना कचरा उकरून, चाळून, वेगळा करण्याचं काम, म्हणजे बायोमायनिंग, सुरू झालं.

या साऱ्या काळात चर्चा वासाची, माश्यांची, धुराची आणि गाड्यांची झाली. ते स्वाभाविकच होतं, ज्याच्या दारात धूर येतो तो आधी धुराबद्दलच बोलणार. पण वास वाऱ्याबरोबर जातो, आग विझते. जमिनीत जे मुरलं ते तिथेच राहिलं, आणि त्याचा हिशोब कोणत्याच तोडग्यात नीट आला नाही.

काळं पाणी

कचऱ्याच्या ढिगातून पाझरणाऱ्या पाण्याला अहवालांत लीचेट म्हणतात. डेपोजवळचे लोक ‘काळं पाणी’ म्हणतात, आणि ते खरंच दाट चहासारखं ते डांबरासारखं काळं असतं. ते दोन वाटांनी तयार होतं. आपल्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक वाटा ओल्या कचऱ्याचा: भाज्यांची देठं, फळांच्या साली, शिळं अन्न. ढिगाच्या भाराने यातलंच पाणी पिळून निघतं. दुसरी वाट पावसाची. एक एकर उघड्या ढिगातून हंगामात फक्त 100 मिलिमीटर पाऊस खाली झिरपला तरी चार लाख लिटर काळं पाणी तयार होतं. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर एकरामागे चाळीस टँकर. गावात येणाऱ्या टँकरची नोंद कुठेतरी असते, जमिनीत जाणाऱ्या या टँकरची नसते.

ढिगाच्या वयाप्रमाणे हे पाणी बदलतं. ताज्या कचऱ्यात जिवाणू अन्नाचं आम्लात रूपांतर करतात. तेव्हा पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, 5 ते 6 पर्यंत उतरतो आणि सेंद्रिय भार इतका असतो की सीओडी, म्हणजे ही घाण रासायनिक रीतीने जाळायला लागणारा प्राणवायू, लिटरमागे काही हजारांपासून काही दहा हजार मिलिग्रॅमपर्यंत जातो. अशा आम्लधर्मी पाण्यात धातू जास्त विरघळतात. पुढच्या टप्प्यात मिथेन तयार करणारे जिवाणू जम बसवतात, आम्लं संपतात, सामू 7 च्या वर जातो आणि सेंद्रिय भार घटतो. इथेच अनेकांची फसगत होते. जुन्या, बंद झालेल्या डेपोचा पाझर तपासला, सीओडी कमी आला, की ‘आता धोका टळला’ असा शेरा पडतो. पण अमोनिया घटत नाही. प्राणवायू नसलेल्या ढिगात त्याला खाऊन टाकणारं कुणी नसतं. क्लोराइडही तसंच टिकून राहतं, ते मातीला चिकटत नाही आणि कुजतही नाही. डेपोचं फाटक बंद झाल्यानंतरही दशकानुदशकं हे दोन घटक पाझरत राहू शकतात.

खाली काय आहे

या प्रकरणाचं मर्म मला खडकात दिसतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पुण्याच्या पूर्वेकडे जमीन खणत गेलं तर आधी काळी माती लागते, कुठे हातभर, कुठे पुरुषभर. खाली मुरूम. त्याखाली झिजलेला, भेगाळलेला खडक. मग कठीण काळा पाषाण, ज्यात सांध्यांशिवाय पाण्याला जागा नाही. कुठे कुठे दोन लाव्हाथरांच्या मध्ये लाल मातीचा पातळ पट्टा. शेतकऱ्याची विहीर मुरूम आणि भेगाळ खडकातलं पाणी घेते. बोअर त्याहून खोल जाऊन पाषाणातली एखादी फट गाठते.

पाणी असं भेगांतून चालत असल्यामुळे घाण मोजपट्टीने पसरत नाही. डेन्मार्कमधल्या ग्रिंडस्टेड गावचा जुना डेपो घ्या. 1930 ते 1977 या काळात सुमारे 10 हेक्टरवर तीनेक लाख टन कचरा तिथे टाकला गेला, खाली अस्तर नाही. पण त्याच्याखाली वाळू आहे. तिथल्या संशोधकांनी ओळीने नलिका रोवून दाखवलं की डेपोपासून जसजसं दूर जावं तसतसं पाण्याचं रसायन पायरीपायरीने बदलत जातं: आधी मिथेनचा पट्टा, मग लोहाचा, मग हळूहळू प्राणवायू असलेलं पाणी. वाळूचा प्रत्येक कण घाण अडवण्याचं, जिरवण्याचं काम करतो. बेसाल्टमधल्या भेगेत असं गाळण होत नाही. भेग जिथे नेईल तिथे पाणी जातं, आणि जवळजवळ जसंच्या तसं जातं. डेपोला लागून असलेली एखादी विहीर बरी निघते आणि तिच्या कितीतरी पुढची बिघडते, कारण दुसरी नेमक्या सांध्यावर खणलेली असते. जवळच्या एका चांगल्या नमुन्यावरून परिसर सुरक्षित ठरवणं हे खडकाकडे पाठ फिरवून केलेलं विधान आहे.

दुसरी वाट ओढ्याची. या शिवाराचा उतार ढोबळमानाने उत्तरेला, मुळा-मुठेकडे. ढिगावरून वाहून आलेलं काळं पाणी पावसात ओढ्याला मिळतं आणि ओढ्याचा तळ म्हणजे बहुतेक ठिकाणी उघडा पडलेला मुरूम किंवा भेगाळ खडक. त्यामुळे ओढाकाठच्या विहिरी डेपोपासून लांब असूनही आधी बिघडू शकतात. पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी या डेपोचा पाझर आणि परिसरातलं उथळ बेसाल्टमधलं भूजल एकत्र अभ्यासून 2010 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. म्हणजे परिणामाचा शास्त्रीय पुरावा सर्वांसमोर होता. तो आल्यानंतरही 2017 चं आंदोलन करावं लागलं, हे मला या प्रकरणातलं सर्वात क्लेशदायक वास्तव वाटतं.

आणि तिसरी वाट आपणच खणतो. विहीर बिघडली की घरटी बोअर घेतली जाते. बोअरला केसिंग पाइप फक्त वरच्या ठिसूळ थरापुरता असतो आणि तो खडकात पक्का बसवलेला, सिमेंटने भरलेला क्वचितच असतो. वरचं बिघडलेलं पाणी पाइपच्या बाहेरच्या फटीतून खाली उतरतं आणि ज्या खोल भेगेपर्यंत ते एरवी सहजी पोचलं नसतं तिथे पोचतं. चांगल्या पाण्याच्या शोधात घेतलेली बोअर वाईट पाण्याला रस्ता करून देते. यात शेतकऱ्याचा दोष नाही. पण डेपोच्या परिसरात बोअर कशी बांधावी हे त्याला आधीच सांगणं भूजल यंत्रणेच्या हातात होतं.

बादलीतलं पाणी

अशा भागातल्या विहिरीवर पंप सुरू करून बादली भरली की पाणी आधी नितळ दिसतं, फार तर किंचित पिवळसर. वास मात्र लगेच येतो. मग बादली तशीच ठेवली की तासा-दोन तासांत पाणी गढुळतं, तांबूस होतं आणि तळाशी गंजाचा मऊ थर बसतो. हे लोह बहुतेक वेळा कचऱ्यातलं नसतं, आपल्याच मुरुमातलं असतं. एरवी ते गंजाच्या रूपात दगडाला धरून बसलेलं असतं. काळ्या पाण्यातला सेंद्रिय भार भूजलातला सगळा प्राणवायू खाऊन टाकतो आणि मग जिवाणू दगडातल्या लोह-मँगनीजकडे वळतात. ते विरघळून पाण्यात येतं, आणि बादलीत हवा लागली की पुन्हा गंज बनून खाली बसतं.

पाण्यावर कधी तेलासारखा रंगीत तवंग दिसतो. त्यात काडी फिरवावी. तवंग काचेसारखा तुकड्यातुकड्यांनी फुटला आणि परत जुळला नाही तर तो लोहाचा, फिरून एकसंध झाला तर तेलाचा. हा फरक प्रत्येक ग्रामसेवकाला माहीत असायला हवा.

पण रंग-वासावर खटला उभा राहत नाही. इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी: या गावांतलं सगळं बिघडलेलं पाणी डेपोचंच, असं धरून चालता येणार नाही. गेल्या काही वर्षांत इथे वस्ती आणि गोदामं वाढली, सेप्टिक टाक्या वाढल्या. शेतात युरिया पडतोच. नुसतं नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेपुढे गेलं म्हणून बोट डेपोकडे दाखवलं, तर समोरचा वकील शेताकडे दाखवेल. डेपोची खूण पटवायची तर घटक एकत्र पाहावे लागतात. अमोनिया, क्लोराइड, बायकार्बोनेट, लोह, बोरॉन आणि पोटॅशियम. यांतलं पोटॅशियम माझ्या मते फार उपयोगाचं, कारण बेसाल्टच्या भूजलात ते स्वभावतः अगदी कमी असतं आणि कचऱ्याच्या पाझरात भरपूर. ही सगळी एकाच विहिरीत वाढलेली दिसली आणि ओढ्याच्या वरच्या अंगाच्या विहिरीत नसली, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. या वरच्या अंगाच्या विहिरीचा नमुना नेहमी राहून जातो. तुलनेला काही नसेल तर आकडे कितीही मोठे असोत, वाद संपत नाही.

नमुना कधी घेतला यावरही बरंच ठरतं. जूनच्या पहिल्या दमदार पावसात ढिगातला साठलेला मळ धुऊन निघतो. सप्टेंबरनंतर पाणी चढलेलं असतं, घाण विरळ होते, आकडे बरे दिसतात. एप्रिल-मेमध्ये पातळी खाली जाते, उपसा जोरात असतो आणि विहीर आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढून घेते. वर्षातून एकदाच, तेही पावसाळ्यानंतर घेतलेला नमुना गावावर अन्याय करतो.

माती

काळ्या मातीबद्दल एक समज घट्ट आहे: चिकणमाती आहे, पाणी मुरू देत नाही, म्हणून डेपोला चांगली. ओली असताना ती खरंच आवळून बसते. पण उन्हाळ्यात हीच माती भेगाळते, हात आत जाईल एवढ्या भेगा. डेपोच्या कडेची, ओढ्याकाठची जमीन मेमध्ये अशी उललेली असते आणि जूनचं पहिलं, सर्वात घाण पाणी या भेगांतून सरळ मुरुमात उतरतं. माती फुगून भेगा मिटेपर्यंत जे जायचं ते गेलेलं असतं.

जे मातीत अडकतं त्याचा परिणाम वेगळा. काळ्या मातीतले चिकणकण शिसं, जस्त, तांबं यांना धरून ठेवतात. त्यामुळे पाण्याच्या तपासणीत जड धातू फारसे सापडत नाहीत आणि सगळ्यांना हायसं वाटतं. ते वरच्या वितीभर थरात साचत असतात, जिथे भाजीची मुळं असतात. विहिरीच्या खारट पाण्यावर भिजवलं तर सोडियमही मातीत येतं, चिकणकणांवरचं कॅल्शियम हटवतं आणि मातीची घडण मोडते. मग वरवर पापडी धरते, वाफसा नीट येत नाही, बी उगवून वर यायला झगडतं. उतारा का घटला हे शेतकरी खतात शोधत राहतो.

कंपोस्टचा प्रश्न याला जोडूनच येतो. मिश्र कचऱ्यातून केलेलं खत स्वस्तात, कधी फुकट, शेतात जातं. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे शिसं 100, कॅडमियम 5 आणि निकेल 50 मिलिग्रॅम अशा कमाल मर्यादा आहेत. बॅटऱ्या, रंगांचे डबे, ट्यूबलाइट आणि भाजी एकाच गाडीतून आली तर त्या पाळणं अवघड. बायोमायनिंगमध्ये चाळणीखाली जी बारीक माती उरते तिलाही हेच लागू आहे. तपासणीशिवाय ती शेतात टाकली तर एका जागेची घाण शंभर शेतांवर वाटली जाते.

नियम आणि खडक

घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 (1 एप्रिल 2026 पासून त्यांची जागा 2026 च्या नियमांनी घेतली) वाचले तर कागदावर बरंच काही चांगलं होतं. तळाशी 90 सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती, त्यावर दीड मिलिमीटर जाडीचं एचडीपीई प्लास्टिकचं अस्तर, भूजलाची पातळी मातीच्या थराखाली किमान 2 मीटर. नदीपासून 100 मीटर, तळं, वस्ती आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून 200 मीटर. डेपो बंद झाल्यावर 15 वर्षं देखरेख. आणि भूजलाची तपासणी डेपोच्या हद्दीपासून 50 मीटरच्या आत, उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर.

या शेवटच्या कलमाचा हेतू बरोबर होता, माप अपुरं होतं. वाळूच्या प्रदेशात 50 मीटरवरची नळी खरी पहारेकरी असते. बेसाल्टमध्ये ती भेगेवर बसली नाही तर तिच्या शेजारून घाण निघून जाईल आणि तिला पत्ता लागणार नाही. इथे पहारा गावातल्या चालू विहिरींनीच द्यायला हवा. रोज उपसा असलेली विहीर आजूबाजूच्या भेगांतलं पाणी स्वतःच गोळा करते, तिच्याइतकी चांगली चाचणीनलिका खणून मिळणार नाही. डेपोच्या वर एक, खाली उताराला तीन-चार, ओढ्याकाठी दोन-तीन, आणि दोन बोअर. एवढ्या पाण्यावर वर्षातून दोनदा नजर ठेवली तर कोणत्याही लहान नगरपरिषदेला आपला डेपो काय करतो आहे ते कळेल.

लहान गावांत सर्वात घातक सवय म्हणजे पडीक दगडखाणीत कचरा टाकणं. जागा आयती मिळते, खड्डा भरून निघतो, वरून दिसत नाही. पण खाणीत माती आणि मुरूम आधीच काढून टाकलेले असतात. सुरुंगांनी खडकात नव्या भेगा पडलेल्या असतात. पावसाळ्यात खाणीत भूजल साचतं, म्हणजे कचरा थेट पाण्यातच बुडतो. दोन एकरांची अशी खाण खालच्या अंगाच्या वाडीचं पाणी घालवू शकते. फुरसुंगीत निदान पाझराला आधी थोडी माती भेटते.

जुन्या डेपोवर माती आणि अस्तर घालून तो झाकणं उपयोगाचं आहे, कारण नवा पाऊस आत जाणं थांबतं. मात्र आत साठलेलं पाणी आणि खडकात उतरलेला मळ त्याने नाहीसा होत नाही. आच्छादन झाल्यावर पहिली काही वर्षं विहिरींचे आकडे फारसे न बदलण्याची शक्यताच जास्त. हे गावाला आधी सांगितलं नाही तर लोकांचा विश्वास उडतो, आणि तो याआधी अनेकदा उडालेला आहे. जुना ढीग उकरून हलवणं हा अधिक मुळाशी जाणारा उपाय, पण उकरलेला ढीग पावसाळ्यात उघडा राहिला तर पाझर वाढतो. म्हणून ते काम ऑक्टोबर ते मे या काळात, पाझर गोळा करण्याची टाकी आधी बांधून, मगच करावं.

नव्या नगरपरिषदेपुढे आता दोन गोष्टी एकाच वेळी उभ्या आहेत. शेजारी पुण्याने ठेवलेला ढीग आहे, आणि स्वतःच्या हद्दीतल्या वाढत्या वस्तीचा कचरा कुठे न्यायचा हा प्रश्नही आहे. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यासारखं असू नये, हे इथल्या लोकांना कुणी शिकवायची गरज नाही. ओला कचरा घरी किंवा प्रभागातच जिरला तर काळं पाणी तयार होण्याचं निम्मं कारण उगमाशीच संपतं. जुन्या नुकसानीसाठी मात्र आकडे लागतील, आणि ते गावाच्या स्वतःच्या हातात असायला हवेत. पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारी विद्युतवाहकता मोजायचं साधन काही हजार रुपयांत मिळतं, क्लोराइड आणि अमोनिया तपासायचे संच शाळेच्या प्रयोगशाळेतही वापरता येतात. निवडलेल्या विहिरींवर क्रमांक रंगवून मे आणि ऑक्टोबरमध्ये ठरलेल्या तारखांना नोंद घ्यावी, संशयास्पद नमुने पुढच्या तपासणीला भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे पाठवावेत आणि सगळे आकडे नगरपरिषदेच्या फलकावर लावावेत. भरपाईचा, पर्यायी पाण्याचा किंवा न्यायाधिकरणातला कोणताही दावा पुढे याच तक्त्यावर उभा राहील.